बोर्ड जागा करणारे

महाराष्ट्रात पावसाचा सरकारी हिशेब महसूल मंडळावर चालतो. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस पडला की ती अतिवृष्टी. 64 पडला तर तो नुसता मोठा पाऊस. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले केनवड हे असेच एक मंडळ. सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला या एका मिलिमीटरची किंमत सांगायला नको, कारण पंचनाम्याची आणि मदतीची गाडी तिथूनच सुटते किंवा तिथेच अडते. पूर्वी हा आकडा माणूस मोजपात्रात डोकावून वहीत लिहीत असे. 2017 मध्ये राज्यात ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला, मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहू लागली आणि पावसाचा आकडा खांबावरच्या पेटीतून येऊ लागला.

या केंद्रांवरून गावोगाव वाद होतात. केंद्र भलत्याच ठिकाणी बसवले, पाऊस शिवारात कोसळला आणि केंद्रावर भुरभुरलाच नाही, अशा तक्रारी दर पावसाळ्यात ऐकू येतात. त्या रास्तही असतात. पण पेटीच्या आत काय चालते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

स्वयंचलित केंद्रांवर जगभर सर्रास वापरला जाणारा पर्जन्यमापक मोठा साधा असतो. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे एक छोटे डोलपात्र. एक कप्पा भरला की पात्र कलते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. कलताना पात्राला लावलेले चुंबक एका स्विचजवळून जाते आणि स्विच क्षणभर मिटतो. प्रचलित प्रकारात एका कलण्याचा अर्थ 0.2 मिलिमीटर पाऊस. म्हणजे 65 मिलिमीटर ही रेषा गाठायला पात्र 325 वेळा कलले पाहिजे.

आता खरी गंमत. स्विच मिटताना त्याची धातूची पाती थरथरते. माणसाच्या कानाला एकच ‘टक’ ऐकू येते, पण काही मिलिसेकंदांत ती पाती अनेकदा मिटून उघडलेली असते. प्रोसेसर माणसापेक्षा चपळ असतो. त्याला सांगितले नाही तर तो प्रत्येक थरथर हा नवा पाऊस समजून मोजतो. म्हणून कुणीतरी चार ओळी लिहून ठेवाव्या लागतात: पहिली खूण आली की ती मोज, मग इतके मिलिसेकंद डोळे मीट. दुसरी अडचण याच्या उलट. पेटी मोबाइलच्या जाळ्यावरून आकडे पाठवण्यात गुंतलेली असताना पात्र कलले तर ते सुटता कामा नये. जास्त मोजायचे नाही आणि कमीही मोजायचे नाही, तेही ढगफुटीच्या ऐन भरात. हे लिहिणाऱ्याचे नाव कुठल्याही फलकावर नसते. हा लेख अशा लोकांच्या आणि त्यांच्या धंद्याच्या इतिहासाचा आहे.

ज्या यंत्राला ठरल्या वेळेच्या आत उत्तर द्यावेच लागते, त्याच्यासाठी वेगळ्या प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम लागते. तिला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कारखान्यातले आणि प्रयोगशाळेतले लोक नुसते आरटीओएस म्हणतात. ती फार वेगवान असेलच असे नाही. कुठले काम आधी, कुठले नंतर आणि जास्तीत जास्त किती उशिरा, याचा शब्द मात्र तिने पाळायचा असतो. अशी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारातून आणली म्हणून आपल्या बोर्डावर चालायला लागत नाही. नांगर एकच असला तरी जू प्रत्येक बैलजोडीच्या खांद्याप्रमाणे तासून घ्यावे लागते, तसे सिस्टिम आणि बोर्ड यांच्यामध्ये त्या एकाच बोर्डासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर लागते. त्याला बोर्ड सपोर्ट पॅकेज, थोडक्यात बीएसपी म्हणतात. (वऱ्हाडात बीएसपी म्हटले की आधी हत्ती आठवतो, त्याला इलाज नाही.)

हा थर वेगळा करण्याची कल्पना सुरुवातीला कुणाच्या डोक्यात नव्हती. 1969 हे साल घ्या. त्या वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडवलेला टीडीसी-12 हा संगणक पुढे आला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. बारा बिटांचा, जास्तीत जास्त चार हजारांच्या आसपास शब्दांची स्मृती असलेला आणि उपकरणांकडून येणारी माहिती आली त्या क्षणी हाताळण्यासाठी बांधलेला. त्याचे उत्पादन हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने केले. ही कंपनी दोनच वर्षांपूर्वी, 1967 मध्ये, अणुऊर्जा खात्यातून निघाली होती. त्याच 1969 च्या जुलैत अपोलो 11 चंद्रावर उतरत असताना यानातल्या संगणकाने 1202 ही धोक्याची खूण दिली. त्या संगणकाची बदलती स्मृती होती 2048 शब्दांची. कामाचा बोजा अंगावर आल्यावर त्याने कमी महत्त्वाची कामे टाकून दिली, उतरण्याचे काम चालू ठेवले आणि यान सुखरूप टेकले. हॅल लेनिंग या गणितज्ञाने आखलेल्या कामवाटपाच्या पद्धतीचे हे यश होते.

तुर्भे काय आणि चंद्र काय, त्या काळात प्रोग्राम आणि यंत्र एकमेकांत विणलेले असत. यंत्र बदलले की प्रोग्राम गेला. एका प्रयोगशाळेत एकच यंत्र असे आणि ते दहा-पंधरा वर्षे चालवायचे असे, तोवर कुणाला त्याचे दुःख नव्हते.

दुःख सुरू झाले मायक्रोप्रोसेसर आल्यावर. इंटेलचा 8080 हा 1974 चा. काहीशे डॉलरांत कुणालाही संगणक बांधता येऊ लागला आणि ज्याने त्याने तो आपापल्या पद्धतीने बांधला. कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल नावाच्या प्राध्यापकाने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. प्रत्येक नव्या यंत्रासाठी ती पुन्हा ठाकठीक करून देताना तो वैतागला. शेवटी यंत्राशी थेट बोलणारा भाग त्याने बाजूला काढला आणि त्याला नाव दिले बायॉस. कळफलकावरून एक अक्षर घे, पडद्यावर एक अक्षर टाक, डिस्कवरचा अमुक तुकडा वाच, अशी मोजकी कामे बायॉसमध्ये. बाकी सगळी सिस्टिम जशीच्या तशी. नवे यंत्र आले की फक्त तेवढा पातळ भाग नव्याने लिहायचा. आज जगात जेवढी म्हणून बोर्ड सपोर्ट पॅकेजे आहेत, त्यांची वंशावळ इथपर्यंत मागे नेता येते. किल्डॉलचे नाव मात्र आयबीएमच्या पीसीसाठी सिस्टिम विकण्याचा सौदा हुकलेला माणूस म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिले. हा अन्याय आहे, असे मला वाटते.

वेळ पाळणाऱ्या सिस्टिमच्या बाबतीत हेच पुढच्या दशकात घडले. जेम्स रेडी आणि कॉलिन हंटर यांच्या कंपनीने 1980 नंतरच्या पहिल्या वर्षांत व्हीआरटीएक्स हा छोटा गाभा बाजारात आणला. तो रॉमच्या चिपमध्ये भरून विकत. चिप बोर्डावर कुठेही खोचा, कुठल्याही पत्त्यावर चालते, असा त्यांचा दावा होता आणि तो खराही होता. पण गाभ्याला बोर्डावरचे घड्याळ कुठे आहे, सीरियल पोर्ट कुठे आहे, हे ठाऊकच नव्हते. ते गिऱ्हाइकाने बघायचे. बर्कलीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या जेरी फिडलर आणि डेव्हिड विल्नर यांच्या विंड रिव्हर कंपनीने ही उणीव हेरली. त्यांनी 1987 मध्ये व्हीएक्सवर्क्स काढली, ती आधी व्हीआरटीएक्सच्या गाभ्याभोवती आणि नंतर स्वतःचा गाभा घालून. तेव्हा व्हीएमई नावाच्या सांगाड्यात बसणारे बोर्ड डझनावारी कंपन्या विकत होत्या. प्रोसेसर बहुधा मोटोरोलाचाच, पण टायमर वेगळा, प्रोसेसरला मधेच हाक मारणाऱ्या इंटरप्टची चिप वेगळी, स्मृतीचे पत्ते वेगळे. विंड रिव्हरने प्रत्येक बोर्डासाठी ठरलेल्या नावांच्या फायलींची एक पेटी बांधून द्यायला सुरुवात केली आणि बीएसपी हा शब्द धंद्यात रुळला.

त्या पेटीत काय असे, ते जरा खोलात जाऊन सांगण्यासारखे आहे.

वीज दिल्यावर प्रोसेसरला जगातली एकच गोष्ट माहीत असते: पहिली सूचना कुठल्या पत्त्यावर आहे. रॅम बोर्डावर असते खरी, पण तिच्या नियंत्रकाला चाली-वेळा सांगेपर्यंत ती निरुपयोगी. रॅम नाही म्हणून स्टॅक नाही, स्टॅक नाही म्हणून सी भाषेतले साधे फंक्शनही बोलावता येत नाही. त्यामुळे पहिली पन्नास-शंभर पावले असेम्बलीत, नुसत्या रजिस्टरांच्या भरवशावर टाकायची. इंटरप्ट बंद करायचे, घड्याळाचा वेग ठरवायचा, रॅम जागी करायची, मग स्टॅक मांडायचा. त्यानंतर सीमध्ये उडी. रॉममधली सुरुवातीची मूल्ये रॅममध्ये उतरवायची, जिथे शून्य हवे तिथे शून्य भरायचे. मग सीरियल पोर्ट चालू करून एक अक्षर बाहेर ढकलायचे. ते एक अक्षर समोरच्या पडद्यावर दिसले की अख्ख्या टीमला चहा, असा रिवाज मी पुण्यात पाहिला आहे. ते दिसेपर्यंत हातात फक्त एक एलईडी: या ओळीपर्यंत आलो तर दिवा लाव. दिवा लागला नाही तर दोष आपल्या ओळीत की सोल्डरिंगमध्ये, हे ऑसिलोस्कोपने शोधायचे.

सगळ्यात शेवटी टायमर. तो सेकंदाला शंभर किंवा हजार वेळा प्रोसेसरला टोचतो आणि त्या टोचणीवर सगळी आरटीओएस उभी असते. टायमर चुकीच्या वेगाने लावला तर सगळे काही चालते, फक्त सगळे वेळ चुकवून चालते. ही चूक सापडायला सर्वांत अवघड.

फ्लॅश स्मृती येण्याआधी हे काम इप्रॉमवर चाले. काचेची खिडकी असलेली ती चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवली की कोरी होई. मग नव्याने भरायची, सॉकेटात बसवायची, वीज द्यायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा दिव्याखाली. म्हणून जुने लोक चिप भरण्याआधी कागदावर ओळ न् ओळ तपासत. आताच्या मुलांना ते खरे वाटत नाही.

याच सुमाराला बोर्डाच्या या खालच्या थराचा प्रश्न पुण्यात येऊन पोहोचला, आणि तोही पावसाच्याच निमित्ताने. मान्सूनच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचा एक्स-एमपी/14 दिला, तोही देखरेखीच्या अटी घालून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला अधिक ताकदीचा क्रे मिळाला नाही. मग देशातच महासंगणक बांधण्यासाठी 1988 मध्ये सीडॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, पुण्यात सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. नागपूर, बडोदा आणि दिल्लीत शिकलेले भटकर पुण्याला येण्याआधी तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे संचालक होते.

1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, बरेचसे आरत्यांच्या चालीवर. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. परम 8000 मध्ये बसवलेला टी-800 ट्रान्सप्युटर हा ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचा प्रोसेसर या लेखातल्या सगळ्या धंद्यालाच उत्तर म्हणून जन्मलेला होता. कामांची पाळी लावणारा भाग, जो एरवी आरटीओएसमध्ये असतो, तो इन्मॉसने चिपच्या आत सूक्ष्मसूचनांमध्ये कोरला होता. कामांच्या महत्त्वाच्या दोनच पायऱ्या: वरची आणि खालची. टायमर आत, स्मृतीचा नियंत्रक आत, शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे तेही आत. बोर्डावर समजावून सांगण्यासारखे फारसे उरतच नव्हते.

त्याला जागे करण्याची रीत तर अशी सुबक की सांगितल्यावाचून राहवत नाही. ट्रान्सप्युटरला रॉमची गरज नव्हती. तो वीज मिळताच आपल्या दुव्यांवर कान लावून बसे. पहिला बाइट शून्य आला तर त्याचा अर्थ: पुढे पत्ता आणि मूल्य येते आहे, त्या पत्त्यावर ते लिहून ठेव. एक आला तर: पुढच्या पत्त्यावर काय आहे ते वाचून परत पाठव. दोन किंवा त्याहून मोठा आकडा आला तर: तेवढे बाइट घे आणि तेच चालवायला लाग. बस्स, एवढेच. यजमान संगणक पहिल्या ट्रान्सप्युटरला चिमूटभर प्रोग्राम देई, तो आपल्या शेजाऱ्यांना देई, ते पुढच्यांना, आणि बघता बघता चौसष्ट ट्रान्सप्युटर जागे होत. अशा प्रोग्रामनी वाटेत कोण कुणाला जोडलेले आहे याचा नकाशाही करून आणावा, अशी सोय होती. शून्य आणि एक या बाइटांनी परक्या चिपच्या स्मृतीत हात घालून ती नीट आहे की नाही हे तपासताही येई.

एवढे देखणे असूनही ते टिकले नाही. इन्मॉस 1989 मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली, पुढचा टी-9000 वेळेवर आला नाही, आणि इतर कंपन्यांचे साधे पण भरधाव प्रोसेसर पुढे निघून गेले. सीडॅकने परम 8600 मध्ये इंटेलचा आय-860 घेतला आणि ट्रान्सप्युटरकडे मुख्यतः निरोप्याचे काम उरले. तुर्भ्यातही 1991 मध्ये ‘अनुपम’ हा समांतर संगणक आय-860 वरच उभा राहिला. आय-860 आकडेमोडीत वाघ, पण एका कामावरून दुसऱ्यावर वळायला अत्यंत मंद. त्याच्यात ना कामांची पाळी कोरलेली, ना दुवे. जे इन्मॉसने चिपमध्ये दिले होते, ते आता पुन्हा माणसांनी लिहायचे. जगाने एकंदरीत तोच रस्ता धरला: चिप स्वस्त आणि नाना तऱ्हेच्या, आणि प्रत्येक बोर्डासाठी खालचा थर हाताने लिहिणारे इंजिनिअर. परमच्या गौरवात हे हरवते. पुण्याला त्या वर्षांनी नुसता एक महासंगणक दिला नाही. बोर्डाच्या तळापर्यंत उतरून काम करायला न घाबरणारी माणसे दिली, आणि माझ्या मते तो वारसा मोठा आहे.

खालच्या थरातली एक निवड किती महागात पडते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही हवामानाचेच आहे. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्यात आयबीएमचा आरएडी6000 प्रोसेसर आणि त्यावर व्हीएक्सवर्क्स. उतरल्यावर काही दिवसांत, हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यानंतर, यानाचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई.

घडत होते ते असे. हवामानाच्या नोंदी घेणारे काम सर्वांत कमी महत्त्वाचे. ते आपली माहिती देताना एका सामाईक जागेला कुलूप लावी आणि काम झाल्यावर काढी. यानाच्या माहितीवाहिनीची व्यवस्था बघणारे काम फार महत्त्वाचे, पण त्यालाही तेच कुलूप हवे असे. हवामानाचे काम कुलूप लावून बसलेले असताना मधल्या महत्त्वाचे एखादे लांबलचक काम आले, की ते हवामानाला बाजूला सारी. हवामान थांबले म्हणून कुलूप निघेना, कुलूप निघेना म्हणून वाहिनीचा कारभारी अडकलेला. देखरेख करणारे काम येऊन बघे तो कारभाऱ्याचे काम अपुरे. काहीतरी भयंकर बिघडले असे समजून ते सगळी यंत्रणा नव्याने सुरू करी.

यावरचा उपाय कागदावर आधीच होता. ल्युई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉत्स्की यांनी 1990 मध्ये तो मांडला होता: ज्याच्या कुलपापायी मोठा खोळंबला आहे, त्याला तेवढ्यापुरते मोठ्याचे महत्त्व द्यायचे. कोइमतूरला शिकलेल्या राजकुमारांचा यातला वाटा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. व्हीएक्सवर्क्समध्येही ही सोय होती. त्या कुलपापुरती ती बंद ठेवलेली होती, वेळ वाचावा म्हणून. यानाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ग्लेन रीव्ह्ज यांच्या चमूने पृथ्वीवरच्या हुबेहूब बोर्डावर दोष पुन्हा घडवून दाखवला आणि मंगळावर दुरुस्ती धाडली. एका खुणेची किंमत बंदऐवजी चालू केली, इतकीच ती दुरुस्ती. जुळा बोर्ड हाताशी होता आणि तपासणीची साधने यानातून काढून टाकलेली नव्हती, म्हणून हे जमले.

मंगळावरच्या हवामानयंत्राची अशी जाहीर चिकित्सा झाली, हजारो इंजिनिअर ती वाचून शिकले. आपल्या मंडळांतल्या हवामान केंद्रांचे मात्र फक्त आकडे जाहीर होतात. पर्जन्यमापकाची शेवटची तपासणी कधी झाली, पेटीत फर्मवेअरची, म्हणजे आतल्या प्रोग्रामची, कुठली आवृत्ती आहे, ती कधी बदलली, हे केंद्राच्या नावापुढे एका ओळीत छापायला शासनाला काय अडचण आहे? ज्या आकड्यावर शेतकऱ्याची मदत ठरते, त्या आकड्याची जन्मकुंडलीही शेतकऱ्याला दिसली पाहिजे.

शतक बदलताना हा धंदा गाड्यांत शिरला. जर्मन कंपन्यांनी 1993 मध्ये ओसेक हे आरटीओएसचे मानक सुरू केले, 2003 मध्ये त्यातून ऑटोसार उभे राहिले. गाडीतल्या प्रत्येक नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरचे थर ठरवून टाकायचे, सर्वांत खालचा थर चिपशी बोलणारा, हा त्याचा गाभा. किल्डॉलचे बायॉसच, पण हजारो पानांच्या नियमावलीत बसवलेले. पुण्यात रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या केपीआयटीने याच क्षेत्रात जम बसवला. 2002 मध्ये कमिन्स इन्फोटेक तिच्यात विलीन झाली, पुढे कंपनीने ऑटोसारचे थर स्वतः विकसित करून ‘के-सार’ या नावाने विकले, आणि 2019 पासून ती केवळ वाहनांच्याच सॉफ्टवेअरचे काम करते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने, 1966 पासूनची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आणि हिंजवडीच्या इमारती, अशा त्रिकोणात ही विद्या वाढली. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 या प्रदूषणमानकाची सक्ती झाली आणि नव्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारा नियंत्रक आला. रिसोड-मालेगावच्या रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या सीटखालीही आता एक बोर्ड आहे आणि त्याचे वेळापत्रक मिलिसेकंदांत चालते.

ऑटोसारबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, हे इथेच सांगून टाकतो. मानक आल्याने चुका कमी झाल्या आणि पुण्यात हजारो नोकऱ्या आल्या, हे मान्य. पण खालचा थर आता बहुधा एका साधनात चौकटी भरून तयार होतो. चौकट भरणाऱ्या मुलाला टायमरच्या रजिस्टरात काय उतरले ते बघायची वेळच येत नाही. मग बोर्ड अडला की तो साधन विकणाऱ्याला ईमेल करतो आणि उत्तराची वाट पाहतो.

उलट दिशेचे वारेही याच काळात वाहिले. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड बॅरीने फ्रीआरटीओएस फुकट वाटायला सुरुवात केली. गाभा तीन-चार फायलींत मावणारा. नव्या प्रोसेसरसाठी त्यातल्या एक-दोन छोट्या फायली नव्याने लिहायच्या: कामाची रजिस्टरे कशी जपायची, टायमरची टोचणी कशी घ्यायची, इंटरप्ट कसे रोखायचे. ज्या सिस्टिमचा परवाना काढायचा तर कॉलेजचे वर्षाचे बजेट गेले असते, तसली वस्तू तालुक्याच्या गावातल्या मुलाला एका रात्रीत उतरवून घेता येऊ लागली. 2017 मध्ये ॲमेझॉनने तिची जबाबदारी घेतली, पण ती फुकटच राहिली. लिनक्स फाउंडेशनची झेफर ही 2016 ची. तिने लिनक्सची एक पद्धत उचलली: बोर्डावर काय काय आहे आणि कुठल्या पत्त्यावर आहे, हे एका साध्या मजकुराच्या फायलीत वर्णन करायचे. बीएसपीतला निम्मा हमालीचा भाग त्याने संपवला. उरलेला निम्मा, पहिल्या सूचनेपासून पहिल्या अक्षरापर्यंतचा, अजून माणसालाच लिहावा लागतो.

तो लिहिण्याची संधी आता घरात चालून आली आहे. भटकर ज्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रातून पुण्याला आले, ते पुढे सीडॅकमध्येच विलीन झाले, आणि तिथेच वेगा ही देशी प्रोसेसरांची मालिका तयार झाली. त्यातली तेजस32 ही चिप रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाची, 100 मेगाहर्ट्झची, 256 किलोबाइट रॅमची. ती बसवलेले एरीज बोर्ड विकत मिळतात आणि आर्डुइनोच्या ओळखीच्या साधनातून चालवताही येतात. मद्रास आयआयटीची शक्ती ही मालिकाही आहे. चिप देशी झाली म्हणून तिच्यावर आरटीओएस आपोआप उतरत नाही. दर बोर्डामागे कुणाला तरी टायमर, इंटरप्ट आणि सीरियल पोर्ट बांधून द्यावेच लागतात.

शेगाव, अकोला, पुसद, वाशीम इथल्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या प्राध्यापकांना म्हणून एक विनंती. शेवटच्या वर्षाला तेच ते वायफायवर दिवा लावणारे प्रकल्प एक वर्ष थांबवा. चार मुलांत एक असा देशी बोर्ड द्या, तयार लायब्ररी काढून घ्या आणि डेटाशीट हातात ठेवा. पहिल्या सत्रात सीरियल पोर्टवर एक अक्षर, दुसऱ्या सत्रात टायमरची टोचणी आणि तिच्यावर फ्रीआरटीओएसची दोन कामे. एवढे स्वतःच्या हाताने करून आलेल्या मुलाला पुण्यात कुणी ‘तुला काय येते’ असे दुसऱ्यांदा विचारणार नाही.